पोराचं पोट, सिंगल लाईन

आमच्या घरमालकांकडे एक लाल आणि एक हिरवा असे दोन झेंडे होते, आणि माझ्या पोरीला ताप आला की ते दोन्ही बाहेर निघत. हे मी बुऱ्हाणपूरबाहेर कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, की बाई, तुम्ही त्या घरात राहिलात कशाला? राहिलो, कारण घर हवेशीर होतं, माझी शाळा पायी जाण्याइतकी जवळ होती, नवऱ्याला नेपानगरची गाडी पकडायला स्टेशन सोयीचं होतं, आणि खाली कोण वल्ली राहते हे घर बघताना कळत नाही. कळतं ते सगळं सामान जिन्यानं वर चढवून झाल्यावर, आणि तेव्हा ते परत खाली उतरवायची ताकद उरलेली नसते.

गल्लीत त्यांना सगळे मास्तर म्हणत. मी स्वतः शाळेत शिकवते, त्यामुळे मला वाटलं, चला, आपल्यातलेच आहेत. पण हे निघाले रिटायर्ड स्टेशनमास्तर. उभी नोकरी छोट्या लाईनवर, म्हणजे मीटरगेजवर गेली, देडतलाईच्या बाजूच्या जंगलातल्या एका स्टेशनात, जिथे गाड्या थोड्या आणि माकडं जास्त. ती लाईन बंद पडली, रूळ उखडले गेले, स्टेशनच्या खोलीत म्हणे आता शेळ्या बसतात. पण मास्तरांच्या डोक्यातली लाईन चालूच होती, आणि तिच्यावर गाड्या सोडायला त्यांना कुणीतरी लागायचं. आम्ही सापडलो.

घर दाखवताना बाकीचे मालक विचारतात, मच्छीमटण खाता का. यांनी विचारलं, दवा कुठे ठेवता. माझ्या कडेवर चिकू होती, तेव्हा ती नुकती पाऊल टाकायला लागली होती. मी आपलं सहज सांगितलं, फ्रिजवर. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मग मला समजावलं, की फ्रिजपाशी आज ना उद्या खुर्ची येते, खुर्चीवर पोर येतं, पोर आलं की बाटली हातात आणि झाकण जमिनीवर. हे सगळं ते अशा शांतपणे सांगत होते की मला ते झाकण गडगडताना ऐकू आलं. दुसऱ्याच दिवशी स्वतः शिडी लावून त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात पार छताजवळ एक फळी ठोकली आणि तिला दार आणि कडी बसवली.

आता त्या फळीला माझा हात पोचत नाही. स्टूल लागतं. तर स्टूल वरच्या मजल्यावर ठेवायचं नाही, कारण जिथे स्टूल तिथे पोर. स्टूल खाली त्यांच्या दिवाणखान्यात. म्हणजे माझं डोकं दुखलं तर मी जिना उतरायचा, मास्तरांना हाक मारायची, कुणासाठी ते सांगायचं, स्टूल घेऊन वर यायचं, गोळी घ्यायची, स्टूल परत द्यायला जायचं. एवढं केल्यावर डोकं दुप्पट दुखायचं. मी कित्येकदा नुसती कपाळाला सुंठ चोळून झोपले, पण स्टूल मागितलं नाही.

नवऱ्यानं यावर अक्कल लढवली. डोकेदुखीच्या गोळ्यांची एक पट्टी त्यानं शर्टाच्या खिशात ठेवायला सुरुवात केली. एका सकाळी तो गाडी पकडायला घाईत निघाला तर फाटकात मास्तर लाल झेंडा धरून उभे. खिशातून चकाकणारं काहीतरी दिसलं होतं त्यांना. हा शर्ट घरी आल्यावर कुठे टांगता, खुंटीवर ना, आणि बाही कुठवर लोंबते, असं चालू झालं. नवरा म्हणाला, मास्तर, गाडी जाईल. मास्तर म्हणाले, जाऊ द्या, गाड्या रोज असतात. गाडी गेली. त्या दिवशी साहेबाला त्यानं उशिराचं काय कारण सांगितलं ते मला अजून सांगितलेलं नाही.

या सगळ्यात काकूंचा, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा, एक शब्द नसायचा. त्या वाचत असायच्या. वाचत म्हणजे काहीही, आणि तेही मोठ्यानं. जंगलातल्या स्टेशनात वाचायला काही मिळायचं नाही, तेव्हापासून ही सवय. भज्यांचा कागद, काडेपेटी, साबणाचं वेष्टन, बसच्या पाठीवरची जाहिरात, जे समोर येईल ते त्या चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढत. तुम्ही त्यांना बिस्किटाचा पुडा दिला तर तो फुटायच्या आत त्यात काय काय घातलंय ते सगळ्या घराला कळायचं. मी एकदा त्यांना विचारलं, काकू, तुम्हाला या झेंड्यांचा कंटाळा नाही येत? त्या म्हणाल्या, "अगं, माझ्या बाळंतपणात पण हिरवा दाखवला होता यांनी. सुईण घाबरून पळाली."

आता मास्तरांच्या गोळ्याचं सांगते, कारण सगळी गंमत तिथेच आहे. छोट्या लाईनवर दोन स्टेशनांच्या मध्ये रूळ एकच. समोरासमोर दोन गाड्या आल्या तर संपलंच. म्हणून स्टेशनात एक यंत्र असायचं, त्यातून एक लोखंडी गोळा निघायचा. तो गोळा ज्या ड्रायव्हरच्या हातात, त्याचीच गाडी पुढे जाणार. पुढच्या स्टेशनात तो गोळा जमा झाल्याशिवाय दुसरा निघतच नाही. हे मास्तरांनी गल्लीतल्या प्रत्येकाला सांगितलं होतं. न्हाव्याला तर इतक्या वेळा, की तो दाढी करता करता पुढचं वाक्य आधीच म्हणायचा.

चिकूला पहिल्यांदा ताप आला तेव्हा मास्तरांनी मला खाली बसवून विचारलं, घरात तिला दवा कोण कोण देतं. मी म्हटलं, मी देते, हे देतात, नणंद आली तर ती देते, शेजारची ताई पण मायेनं देते. मास्तर म्हणाले, हेच. माया करणारे चार, पोर एक. आईनं दिली ते बापाला माहीत नाही, बापानं दिली ते आत्याला माहीत नाही. "मॅडमजी, पोराचं पोट म्हणजे सिंगल लाईन," ते म्हणाले, "एका टायमाला एकच गाडी."

आणि आत जाऊन त्यांनी आपल्या पलंगाच्या पायावरचा पितळी गोळा पिळून काढून आणला. काकूंच्या माहेरून आलेला पलंग तो, चारी कोपऱ्यांना चकचकीत गोळे. आता तीनच राहिले. काकूंनी त्या उघड्या कोपऱ्याकडे बघितलं आणि परत आपलं पंचांग वाचायला घेतलं. नियम असा ठरला, की ज्याला चिकूला दवा द्यायची त्यानं खालून गोळा मागायचा. गोळा हातात असेल तरच बाटली उघडायची. दवा दिली की गोळा खाली मास्तरांकडे जमा. डॉक्टरांनी सांगितलेली वेळ होत नाही तोवर मास्तर गोळा सोडायचे नाहीत, तुम्ही पाया पडा नाहीतर रडा. वेळ झाली की जिन्याखाली उभं राहून हिरवा झेंडा.

मला राग यायचा. येणारच. माझं पोर, माझी बाटली, आणि मी जिन्यात उभी राहून परक्या माणसाच्या झेंड्याची वाट बघतेय. पण खरं सांगायचं तर पहिल्याच आठवड्यात असं झालं, की मी शाळेतून आल्या आल्या गोळा मागायला गेले, तर गोळा माझ्या नणंदेकडे. तिनं आत्ताच दवा पाजली होती आणि गप्पांत सांगायला विसरली होती. मी मास्तरांना काही बोलले नाही. तेही काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी मिशांना तेल लावलं होतं.

मग त्यांनी चमच्यांवर धाड घातली. बाटलीबरोबर येणारा तो प्लास्टिकचा छोटा माप-कप घेऊन ते वर आले, माझ्या लग्नात आलेले सगळे चमचे टेबलावर ओळीनं मांडले, आणि एकेकात मापानं पाणी ओतून बघितलं. एकात माप भरून वर जागा राहिली, एकातून अर्धं पाणी टेबलावर सांडलं. तो माझ्या मामीनं दिलेला चांगला नक्षीचा चमचा होता. मास्तरांनी त्याच्याकडे असं बघितलं की मला मामीची बाजू घ्यावी लागली. दवेच्या कामावरून सगळे चमचे बंद. ज्या बाटलीचं जे माप, तिला तेच. आणि पोराला आडवं करून, नाक दाबून, गळ्यात ओतायचं ही आमच्याकडची जी रीत आहे, तीही बंद. पोर बसलेलं पाहिजे, गालाच्या बाजूनं थोडं थोडं, आणि मधे त्याला गिळायला वेळ द्यायचा. चिकू बसून दवा प्यायची आणि समोर मास्तर हिरवा झेंडा घेऊन उभे. तिला तो झेंडा इतका आवडायचा की तोंड आपोआप उघडायचं.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते जिलबीवरून. माझी नणंद चिकूला दवा पाजताना म्हणायची, "पी ले बेटा, मीठी मीठी जलेबी." मास्तर जिन्यातून ओरडले. त्यांचं म्हणणं, आज तुम्ही दवेला जिलबी म्हणाल, उद्या तिला बाटली सापडली की ती जिलबी म्हणून सगळी संपवेल, आणि मग दोष कुणाचा. नणंद म्हणाली, मग काय म्हणू? मास्तर म्हणाले, जे आहे ते म्हणा. "हे औषध आहे. जिलबी नाही." दर वेळी, मोठ्यानं, पोराच्या डोळ्यांत बघून. आम्ही तेही करायला लागलो. आम्हाला सवयच लागली होती ऐकायची.

त्याचा परिणाम उलटाच झाला. दवा संत्र्याच्या चवीची, गोड. चिकूला वाटलं, जगात जे जे गोड ते औषध. रविवारी आम्ही तिला मावा जिलबीच्या दुकानात नेलं. कढईतून काळीभोर जिलबी निघाली आणि ही नवऱ्याच्या खांद्यावरून अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशी बोंबलली, "औषध! औषध!" दुकानदाराचा चेहरा पडला. त्याच्या आजोबांपासूनची कढई ती. रांगेतल्या एका बाईनं हातातला द्रोण हुंगून बघितला. आम्ही जिलबी न घेताच निघालो, आणि घरी आल्यावर नवरा मास्तरांशी तीन दिवस बोलला नाही. मास्तरांना त्याचं काही वाटलं नाही, कारण त्यांच्या मते पोरीची निम्मी परीक्षा पास झाली होती.

हे असं चाललं असताना आमच्या गावाहून, जसोंडीहून, माझ्या सासूबाई आल्या.

सासूबाई म्हणजे केळीच्या बागेत पुरुषांच्या बरोबरीनं उभ्या राहणाऱ्या. पाच पोरं आणि कितीतरी नातवंडं त्यांच्या मांडीवर मोठी झाली, आणि सगळ्यांना त्यांनी नाक दाबूनच दवा पाजली होती. त्यांना मी गोळ्याचा नियम सांगितला. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणजे माह्या नातीले दवा पाजाले मले त्या बुढ्याच्या खाटेचा लट्टू लागीन?" मी हो म्हटलं. त्यांनी पदर कमरेला खोचला आणि खाली गेल्या. वर मला एवढंच ऐकू आलं, की काकू काहीतरी वाचत होत्या ते थांबलं.

पुढचे काही दिवस लढाई होती. सासूबाई गोळा मागायच्या नाहीत, मास्तर झेंडा गुंडाळायचे नाहीत. सासूबाई जिन्यात केळीची सालं ठेवायच्या, मास्तर ती उचलून काकूंच्या हाती द्यायचे. पण चिकूला परत ताप आला आणि सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की तुझ्यासाठी घेईन तो लट्टू, तू शाळेत निवांत जा. माझी त्या दिवशी परीक्षेची ड्यूटी होती, नवरा नेपानगरला. चिकू, सासूबाई, आणि खाली मास्तर. मी वेळा समजावून सांगितल्या आणि गेले.

संध्याकाळी ऊन उतरताना मी घरी आले तर फाटकापासूनच सगळं छान दिसलं. चिकू ओट्यावर पेंगत बसलेली, सासूबाई आणि मास्तर शेजारी शेजारी खुर्च्या टाकून चहा पीत होते. माझा विश्वास बसेना. मास्तर खुशीत सांगायला लागले, की तुमच्या सासूबाई एकदम कायदेशीर निघाल्या. दुपारी गोळा मागितला, झेंडा दाखवल्यावरच दवा दिली, गोळा जमा केला. एवढंच नाही, सर्दीच्या दवेच्या वेळी पण विचारायला आल्या.

मी विचारलं, कुठली सर्दीची दवा?

सासूबाई सहज म्हणाल्या, गावाहून आणली होती. माझ्या धाकट्या दिराच्या पोरासाठी कधीतरी घेतलेली, अर्धी उरली होती. चिकूचं नाक वाहत होतं, म्हणून तापाच्या दवेनंतर थोड्या वेळानं ती पण पाजली. मास्तरांना विचारूनच पाजली. मास्तर छाती पुढे काढून म्हणाले, "हो, विचारलं ना त्यांनी. मी म्हटलं, गोळा तापाच्या बाटलीचा. सर्दीची ती वेगळी लाईन. तिला गोळा लागत नाही."

बाटली खुर्चीखाली होती. काकूंनी ती उचलली, चष्मा लावला, आणि त्यांच्या सवयीनं वाचायला लागल्या. नाव अवघड, म्हणून एकेक अक्षर जोडत, मधे थांबत, शाळेतल्या पोरासारखं. "पॅ… रा… सि… टा… मॉल." मग खाली आणखी दोन लांबलचक नावं. मग हलवून वापरा. मग लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. मी वर धावले, स्टुलाचं भान राहिलं नाही, स्वयंपाकाच्या ओट्यावर चढून फळीवरची तापाची बाटली काढली आणि काकूंपुढे धरली. काकूंनी तीही वाचली. पहिलाच शब्द तोच.

वेगळी लाईन नव्हती. दोन नावांच्या दोन बाटल्या, आणि आत तीच दवा. एकाच रुळावर दोन गाड्या सोडल्या होत्या, आणि सोडणारे मास्तर होते. सासूबाईंना आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा त्यांनी चिकूला उचलून छातीशी धरलं आणि एकच म्हणाल्या, "माय माय, म्या काय केलं."

मी चिकूच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी पोर कशी आहे, जागी आहे का, उलटी झाली का, हे विचारलं आणि सांगितलं, घरी काही उपाय करत बसू नका, मीठपाणी पाजून उलटी काढू नका, दोन्ही बाटल्या घेऊन लगेच दवाखान्यात या. गल्लीच्या तोंडाशी ऑटो मिळाली. आम्ही चौघी मागे, काकू बाटल्या मांडीवर घेऊन, आणि मास्तर पुढे ड्रायव्हरशेजारी. आणि शनवारा चौकाच्या पुढे बाजाराच्या गर्दीत ऑटो अडकली. हातगाड्या, म्हशी, केळीनं भरलेला एक ट्रॅक्टर आडवा. तेवढ्यात पुढे बसलेले मास्तर खाली उतरले. झेंडे त्यांच्या काखेत होतेच. लाल झेंडा उघडून ते ट्रॅक्टरसमोर उभे राहिले आणि अशा आवाजात ओरडले की तो आवाज जंगलात दोन मैल गेला असता. ट्रॅक्टर थांबला. म्हशी पण थांबल्या. मग हिरवा दाखवत दाखवत हा म्हातारा ऑटोच्या पुढे पळत सुटला, धोतराचा सोगा एका हातात, झेंडा दुसऱ्या हातात, आणि लोक कुणीतरी मोठा नेता येतोय समजून बाजूला होत गेले. मी रडत होते आणि त्यातही मला हसू फुटत होतं, आणि त्या हसण्याची मला लाज वाटत होती.

डॉक्टरीणबाईंनी चिकूला तपासलं, वजन केलं, दोन्ही बाटल्या बघितल्या. मग सासूबाईंना विचारलं, ही दुसरी दवा किती पाजली, कशानं पाजली? मला वाटलं आता संपलं, कारण जसोंडीत दवा नुसत्या अंदाजानं ओततात. सासूबाईंनी डोळे पुसले आणि मास्तरांकडे बोट दाखवून तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "यायनं घरातले सगळे चमचे बंद केले ना. मंग काय करू? बाटलीच्या मापानंच दिली. हे खालच्या रेघेवरी. पोर लहान म्हणून अर्धीच."

डॉक्टरीणबाईंनी ती रेघ बघितली, वजनाशी हिशेब केला, आणि खुर्चीत मागे टेकल्या. म्हणाल्या, दोन्ही मिळून जास्त झाली आहे, पण धोका होईल इतकी नाही. आज यापुढे एक थेंब नको. थोडा वेळ इथेच बसा, मी बघते. आणि एवढ्या लहान पोराला सर्दीच्या असल्या मिसळीच्या दवा द्यायच्याच नाहीत, त्यातून दुसऱ्या पोराच्या उरलेल्या तर मुळीच नाहीत. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घाला, बस. काकूंनी मान हलवली आणि भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला घेतला. चिकूनं थोड्या वेळानं बिस्किट मागितलं. मी आयुष्यात इतकी खूश कधी झाले नव्हते.

घरी आल्यावर मास्तरांनी दोन्ही झेंडे गुंडाळले, पितळी गोळा त्यावर ठेवला, आणि ते सगळं सासूबाईंच्या हाती दिलं. म्हणाले, चुकीचा लाईन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, देणाऱ्या स्टेशनमास्तरला त्याच दिवशी सस्पेंड करतात. मी सस्पेंड. आणि आत जाऊन दार लावून घेतलं. त्यांना समजवायला नवरा गेला, मी गेले, शेजारची ताई गेली. तीन गोळ्यांच्या पलंगावर ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, ताप चढला तर आता तापाची दवा द्या, तेवढीच. दुपारी चिकूचं अंग तापलं. मी सुट्टी घेतली होती. मी बाटली काढली, माप काढलं, आणि वळून बघते तर सासूबाई गायब. बाटली घेऊन मी खाली आले तर त्या चिकूला कडेवर घेऊन जिन्याखाली उभ्या होत्या, मास्तरांच्या दारासमोर, एका हातात गोळा, काखेत झेंडे. दारावर त्यांनी गोळ्यानंच ठोकलं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "पोरीले ताप आहे. झेंडा दाखवा."

आतून आवाज आला, की मी सस्पेंड आहे.

"ते मले नाही समजत. तुमच्या झेंड्याबिगर ही तोंड उघडत नाही, आन् म्या बी बाटली उघडत नाही."

मग कडी निघाली. मास्तर बाहेर आले, दाढी वाढलेली, बनियन उलटं. त्यांनी चिकूच्या कपाळाला हात लावला आणि मला विचारलं, घरात तिच्या दवेच्या बाटल्या किती? मी म्हटलं, एक. ते काकूंकडे वळले आणि म्हणाले, वाचून दाखव. काकूंनी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली, बनवणाऱ्याच्या पत्त्यासकट. तेव्हा कुठे मास्तरांनी सासूबाईंच्या काखेतून हिरवा झेंडा काढून घेतला आणि वर केला. चिकूनं आ केला. तेव्हापासून नियमात एक भर पडली, की गोळा सुटायच्या आधी काकू वाचणार. सासूबाई तर जसोंडीला गेल्यावर तिथल्या सगळ्या पोरांसाठी घरात एक बाजेचं लाकडी बोंड ठेवतात आणि त्याच्याशिवाय सुनांना बाटलीला हात लावू देत नाहीत. सुना मला फोनवर शिव्या घालतात.

पुढे आम्ही आमचं घर बांधलं आणि निघालो. निघताना मास्तरांनी गोळा चिकूच्या हातात दिला. पलंग तसाच राहिला, तीन पायांवर पितळ आणि एका पायावर बोडका खिळा. मी या माणसावर किती चिडले असेन त्याला हिशेब नाही, पण त्या दिवशी मला फाटकातून पाय काढवेना.

परवा काकूंचा फोन आला. चिकू आता तिसरीत आहे. काकू म्हणाल्या, तो गोळा असेल तर दे बाई परत. यांना आता आठवत नाही. सकाळी मी बीपीची गोळी देते, मी न्हायला गेले की हे परत घेतात, आणि विचारलं तर म्हणतात, मला कुणी दिलीच नाही. मुलगा-सून आता आमच्याकडेच राहतात, तर परवा सुनेनं पण दिली, मुलानं पण दिली. सगळ्यांची माया आहे ना.

मी आणि चिकू त्याच संध्याकाळी गेलो. मास्तर ओट्यावर बसले होते. मला ओळखायला त्यांना वेळ लागला, चिकूला तर ओळखलंच नाही. काकूंनी गोळ्यांची पाकिटं आणली आणि एकेक मोठ्यानं वाचली. खुंटीवरचा हिरवा झेंडा विटून गेला होता, तो चिकूनं स्वतःच काढला. पितळी गोळा तिच्या डाव्या हातात होता. ती मास्तरांसमोर ताठ उभी राहिली आणि त्यांच्या डोळ्यांत बघून, आम्ही तिला शिकवलं होतं तसं, मोठ्यानं म्हणाली, "हे औषध आहे. जिलबी नाही."

मास्तरांनी झेंड्याकडे बघितलं. मग आ केला.